करार, माणूस आणि पशू : ख्रिस्ती शिकवण मांडताना या चुका टाळा

ख्रिस्ती शिकवणीत माणसाचे पशुपक्ष्यांशी नाते काय, हे सांगू पाहणारी बहुतेक प्रवचने आणि लेख बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या ओवीपासून सुरू होतात. एक पक्ष म्हणतो की देवाने माणसाला सर्व प्राण्यांवर सत्ता दिली, तेव्हा विषय संपला. दुसरा पक्ष त्याच अध्यायाच्या पुढच्या दोन ओव्या दाखवून सांगतो की आरंभी माणूस आणि पशू या दोघांनाही वनस्पतीच अन्न म्हणून नेमून दिली होती, तेव्हा खरा ख्रिस्ती माणूस शाकाहारीच असला पाहिजे. दोघांची गफलत एकच आहे. ते नवव्या अध्यायापर्यंत पोहोचत नाहीत, किंवा पोहोचले तर त्यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग घेऊन परततात. पशूंना मारून खाण्याची मुभा आणि पशूंशी देवाने केलेला करार या दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात, एकाच प्रसंगी, त्याच माणसांना सांगितल्या गेल्या आहेत, आणि त्या एकमेकींपासून तोडल्या की पुढचे जवळजवळ सगळे विवेचन चुकत जाते. रविवारच्या शाळेचा पाठ तयार करणाऱ्यांना, धर्मशिक्षकांना आणि वारकरी किंवा जैन शेजाऱ्याच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देऊ इच्छिणाऱ्यांना ज्या चुका वारंवार अडचणीत आणतात, त्या येथे घेतल्या आहेत.

सत्तेच्या ओवीवर मुक्काम ठोकणे

‘सत्ता चालवा’ ही भाषा राजाची आहे, हे मान्य करावे; ती सौम्य करून ‘काळजी घ्या’ एवढाच तिचा अर्थ सांगणे ही पळवाट ठरते. मात्र बायबलला कोणता राजा मान्य आहे, हे त्यानंतर विचारले पाहिजे. बहात्तराव्या स्तोत्रातला राजा समुद्रापासून समुद्रापर्यंत राज्य करतो, आणि दीनदुबळ्यांचा धावा ऐकतो म्हणून तो स्तुतीला पात्र ठरतो. उलट यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायातले मेंढपाळ कळपाची लोकर पांघरतात, पुष्ट मेंढरे कापून खातात, पण कळपाला चारत नाहीत, आणि कठोरपणे सत्ता चालवली म्हणूनच त्यांच्यावर दोष येतो. तिथे मेंढरे म्हणजे इस्राएलाची प्रजा हे उघड आहे. तरी सत्ता कशी चालवू नये याचा नमुना म्हणून तो अध्याय येथे लागू पडतो.

आणखी एक गोष्ट सहसा निसटते. ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ हा आशीर्वाद माणसाच्याही आधी, बाविसाव्या ओवीत, मासे आणि पक्षी यांना मिळाला आहे. भूचर प्राणी आणि माणूस एकाच सहाव्या दिवशी निर्माण झाले, आणि दुसऱ्या अध्यायात दोघेही मातीतूनच घडवले गेले. माणसाचे वेगळेपण ठरते ते देवाच्या प्रतिरूपामुळे. हे वेगळेपण पुसून ‘माणूसही एक प्राणीच’ असा निष्कर्ष बायबलच्या नावावर खपवणे ही उलट बाजूची तितकीच मोठी चूक आहे.

याच ओघात ‘देवाने पहिला करार एदेन बागेत आदामाशी केला’ असे वाक्य येते. प्रोटेस्टंटांच्या सुधारित (रिफॉर्म्ड) परंपरेत, विशेषतः १६४६ सालच्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत, ही मांडणी ठळकपणे आहे आणि तिला धर्मशास्त्रीय आधारही दिला जातो. परंतु करार हा शब्द बायबलमध्ये प्रथम येतो तो नोहाशी बोलताना, उत्पत्ती ६:१८ मध्ये. परंपरेची मांडणी परंपरेची म्हणून सांगावी. त्याचप्रमाणे, आदाम आणि हव्वा यांना देवाने चामड्याची वस्त्रे दिली (३:२१) यावरून ‘जगातला पहिला पशुबळी’ सिद्ध करण्याचा मोह टाळावा. मजकुरात बळीचा उल्लेख नाही.

नोहाचा करार केवळ माणसांशी झाला असे समजणे

जलप्रलयाची गोष्ट सांगताना तारू, प्राण्यांच्या जोड्या आणि इंद्रधनुष्य हौसेने रंगवले जाते, पण हा करार कोणाशी झाला असे विचारले तर मोठी माणसेही ‘नोहाशी’ असे उत्तर देऊन मोकळी होतात. उत्पत्ती ९:९ ते १७ या नऊ ओव्यांत करार हा शब्द सात वेळा येतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दुसरा पक्ष कोण हे पुन्हा स्पष्ट केले जाते: तुम्ही, तुमची संतती, आणि तारवातून बाहेर आलेले पक्षी, गुरेढोरे, वनपशू, म्हणजे प्रत्येक जिवंत प्राणी. तेराव्या ओवीत तर इंद्रधनुष्य हे देव आणि पृथ्वी यांच्यामधील कराराचे चिन्ह म्हटले आहे. इतकी पुनरुक्ती अनवधानाने होत नाही. त्याआधी, पाणी ओसरू लागते त्या क्षणी (८:१), देवाला आठवण होते ती नोहाची आणि त्याच्याबरोबर तारवात असलेल्या सर्व पशूंची.

येथे एक आक्षेप हमखास येतो की पशू वचन देऊ शकत नाहीत, तेव्हा ते करारातील पक्ष कसे असतील? हा आक्षेप करार म्हणजे दोन बाजूंचा सौदा, या समजुतीतून निघतो. नोहाच्या करारात माणसाकडूनही संमती मागितलेली नाही. जे अजून जन्मलेलेच नाहीत ते वंशजही त्यात आहेत. वचन देणारा एकटा देव आहे, आणि सोळाव्या ओवीप्रमाणे धनुष्य पाहून कराराची आठवण ठेवणाराही तोच आहे. ज्या अर्थाने अजून न जन्मलेले मूल या करारात सामील आहे, त्याच अर्थाने रानातला कोल्हाही आहे.

मात्र या कराराच्या आशयापेक्षा अधिक त्यातून काढू नये. त्यात वचन आहे ते पुन्हा जलप्रलयाने सर्व जीवांचा नाश न करण्याचे. एकेका पशूला मारले जाणार नाही असे वचन त्यात नाही, आणि आधुनिक अर्थाने पशूंच्या हक्कांची सनदही तो नाही. त्यातून निश्चितपणे एवढे निघते की पशूंचे देवाशी असलेले नाते माणसामार्फत उसने घेतलेले नाही, ते त्यांचे स्वतःचे आहे. माझ्या मते हा एक मुद्दा नीट समजला तर बाकीच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

नोहाची गोष्ट शिकवताना खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती बहुधा एखादे चुणचुणीत मूलच पुढे आणते. पाप माणसांनी केले, मग बुडालेल्या प्राण्यांचा काय दोष? हा प्रश्न हसून टाळू नये, आणि ‘प्राण्यांना वेदना कळत नाहीत’ असे तर मुळीच सांगू नये, कारण बायबल तसे म्हणत नाही. मजकूर जे दाखवतो ते असे की माणसाच्या दुष्टपणाची झळ त्याच्याबरोबर राहणाऱ्या जीवांना बसते. होशेयाच्या चौथ्या अध्यायात लोकांच्या खोटेपणामुळे आणि रक्तपातामुळे वनपशू, पाखरे आणि मासेही नाहीसे होतात. योएलाच्या पहिल्या अध्यायात चारा नसल्याने गुरे कण्हतात. उलट दिशेनेही हे खरे आहे. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला तेव्हा गुरांनाही उपास घडवला आणि गोणपाट पांघरले, आणि योनाच्या पुस्तकाचे अखेरचे वाक्य एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांबरोबर ‘पुष्कळ गुरेढोरे’ यांचाही उल्लेख करून संपते. प्रश्नाचे पूर्ण समाधान यातून होत नाही. पण करारात माणूस आणि पशू एकत्र का घेतले गेले, हे यावरून कळते.

मुभेची आज्ञा करणे, किंवा मुभा नाकारणे

नवव्या अध्यायाच्या आरंभी पशूंना माणसाचे भय वाटेल असे सांगून मग मांस खाण्याची मुभा दिली आहे. तिचा सूर बक्षीस देण्याचा नाही. एदेनातली सलगी संपल्याची ती नोंद आहे, आणि लगेच तिला बंधन घातले आहे की रक्तासकट मांस खाऊ नये, कारण रक्त म्हणजे जीव. पाचव्या ओवीत माणसाच्या रक्ताचा जाब पशूकडूनही मागितला जाईल असे म्हटले आहे, आणि निर्गम २१:२८ मधील माणसाला शिंगांनी मारून ठार करणाऱ्या बैलाविषयीचा नियम याच विचाराचा आहे. सहावी ओवी माणसाच्या प्रतिरूपाची आठवण करून देते. मुभा, मर्यादा, जबाबदारी आणि माणसाचे वेगळेपण एवढे सगळे सहा ओव्यांत आहे. त्यातली एक ओवी उचलून फलकावर लिहिणे धोक्याचे आहे.

रक्ताच्या बंधनाविषयी पुढे काय झाले, हेही ठाऊक असावे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ मध्ये यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनाही रक्त वर्ज्य करण्यास सांगितले. पूर्वेकडील ख्रिस्तसभांनी हा नियम आपल्या धर्मनियमांत टिकवला. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत तो मागे पडला, आणि १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने तो त्या काळापुरता होता असे जाहीर केले. गोव्याच्या सोरपोतेलात पूर्वापार डुकराचे रक्त घालतात, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडे केवळ ग्रंथातला नाही, नाताळच्या जेवणातलाही आहे.

येशू शाकाहारी होता, हे विधान शुभवर्तमानांच्या आधारे टिकत नाही. पुनरुत्थानानंतर त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला असे लूक सांगतो. पण मांस खाल्लेच पाहिजे असेही कुठे नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये, असे पौल बजावतो. उपवासकाळातला मांसत्याग किंवा संत बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमातील चतुष्पादांच्या मांसाची बंदी ही भूतदयेची उदाहरणे म्हणून देऊ नयेत. त्यांचा हेतू आत्मसंयमन हा होता, आणि बेनेडिक्टने अशक्त आजाऱ्यांना त्यातून सूट दिली होती.

सगळे करार एकाच माळेत ओवणे

नोहाच्या करारात पशू पक्ष आहेत. अब्राहामाच्या करारात (उत्पत्ती १५) कालवड, शेळी आणि मेंढा यांचे दोन भाग करून समोरासमोर ठेवले जातात. तिथे पशू कराराचे साधन आहेत. सीनायच्या करारात मोशे लोकांवर शिंपडतो ते ‘कराराचे रक्त’ बैलांचे आहे, पण त्याच कराराच्या नियमशास्त्रात पशू संरक्षणाच्या कक्षेतही येतात. ही तीन नाती वेगवेगळी आहेत, आणि ‘जुन्या करारात पशूंचे स्थान’ असा एकच सरसकट परिच्छेद लिहिला की ती एकमेकांत मिसळून जातात.

शब्बाथाची आज्ञा बहुतेकांना तोंडपाठ असते, तरी तिच्यातली गुरे नजरेतून सुटतात. निर्गम २३:१२ मध्ये विसाव्याचे कारण देताना बैल आणि गाढव यांचे नाव दासीच्या मुलाच्या आणि परक्याच्याही आधी आले आहे. आपल्याकडे पोळ्याच्या किंवा बेंदराच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. तिथे हा हक्क दर सातव्या दिवसाचा आहे. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसले तर त्याला उठवायला हात लावावा, घरट्यातली पिले घेताना आईला जाऊ द्यावे, बैल आणि गाढव एकत्र नांगराला जुंपू नयेत, हे सगळे नियम मोशेच्या नियमशास्त्रातले आहेत. म्हणून ‘यहुदी क्रूर होते, ख्रिस्ती धर्माने दया आणली’ असे कोणी सांगू लागला तर त्याला थांबवावे. हे विधान खोटे आहे, शिवाय ते यहुदीद्वेषाच्या जुन्या विषातून आलेले आहे. पशूंना यातना देऊ नयेत हे तत्त्व रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, परंपरेने पुढे सविस्तर विकसित केले.

बळी बंद का झाले, या प्रश्नाचे उत्तरही जपून द्यावे. इब्री लोकांस पत्राचा युक्तिवाद असा आहे की बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापे दूर होऊ शकत नाहीत, आणि ख्रिस्ताचे एकदाच झालेले अर्पण पुरेसे आहे. पशूंची दया हे कारण तिथे दिलेले नाही. त्याचबरोबर बळींची प्रथा चालू असतानाच पन्नासाव्या स्तोत्रात देव म्हणतो की रानातला प्रत्येक पशू आणि हजारो डोंगरांवरची गुरे माझीच आहेत, मला भूक लागली तरी तुम्हाला सांगणार नाही. देवाला मांस हवे असते, या समजुतीला स्वतः बायबलनेच छेद दिला आहे.

पौलाचा बैल

‘बैल मळणी करत असता त्याला मुसके बांधू नको’ हा बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातला नियम ज्याने तिवड्याभोवती फिरणारे बैल पाहिले आहेत त्याला समजावून सांगावा लागत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल हा नियम उद्धृत करतो आणि विचारतो की देवाला बैलांची चिंता आहे काय? येथे पुष्कळ जण थांबतात आणि देवाला पशूंशी देणेघेणे नाही, असा निकाल पौलाच्या नावावर देऊन टाकतात.

पौल त्या अध्यायात पशूंविषयी काही ठरवत नाही. प्रेषिताला आपल्या श्रमांतून उपजीविका मिळण्याचा हक्क आहे, हा त्याचा विषय आहे. लहान गोष्टीवरून मोठी गोष्ट सिद्ध करण्याची ही पद्धत त्या काळच्या यहुदी शिक्षकांच्या परिचयाची होती, आणि येशूही तीच वापरतो. दोन दमड्यांना पाच चिमण्या विकल्या जातात, तरी त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. तुम्ही तर पुष्कळ चिमण्यांहून मोलवान आहात. शब्बाथ दिवशी खाचेत पडलेले मेंढरू वर काढता, मग माणसाला बरे का करू नये? चिमणीला काहीच मोल नसते तर हा युक्तिवाद उभाच राहिला नसता. तेव्हा ‘अधिक मोलवान’ या शब्दांवर जोर देणाऱ्याने चिमणीचे मोल गृहीत धरलेले आहे, हे त्याला दाखवून द्यावे; आणि ‘सर्व जीव समान’ म्हणणाऱ्याला ‘अधिक’ हा शब्दही वाचायला लावावा.

संदेष्ट्यांची चित्रे

होशेय २:१८ मध्ये देव आपल्या लोकांसाठी वनपशू, पाखरे आणि सरपटणारे प्राणी यांच्याशी करार करण्याचे आणि धनुष्य, तलवार व युद्ध देशातून मोडून टाकण्याचे वचन देतो. शांतीचा इतका व्यापक करार क्वचितच कुठे वर्णिला असेल. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर यहेज्केल ३४:२५ मधील शांतीच्या करारात हिंस्र पशू देशातून नाहीसे केले जातात. एका चित्रात पशू करारात येतात, दुसऱ्यात ते हद्दपार होतात. दोन्ही उद्धृत करावीत. गोड तेवढे निवडू नये. यशयाच्या अकराव्या अध्यायाबाबत तर साधा तपशीलही चुकतो: तिथे कोकराबरोबर राहतो तो लांडगा, सिंह नव्हे. सिंह त्यानंतर येतो आणि बैलासारखा कडबा खातो.

संतांच्या आणि विद्वानांच्या तोंडी सोयीची वाक्ये घालणे

असिसीचे संत फ्रान्सिस शाकाहारी होते, असे सर्रास लिहिले जाते. त्यांच्या १२२३ सालच्या नियमानुसार बंधूंना समोर वाढलेले कोणतेही अन्न खाण्याची मोकळीक आहे. त्यांच्या आरंभीच्या चरित्रकाराने नोंदवलेली आठवण तर अशी की नाताळ मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारी आला तेव्हा या दिवशी भिंतींनीही मांस खावे असे ते म्हणाले, आणि त्याच सणाला बैलांना व गाढवांना नेहमीपेक्षा जास्त वैरण घालावी अशी त्यांची इच्छा होती. ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाची आहेत, आणि नवव्या अध्यायाचा तोल त्यांत दिसतो. गुब्बियोच्या लांडग्याने गावाशी केलेल्या कराराची कथा सांगायला हरकत नाही, पण ती फ्रान्सिस यांच्या निधनानंतर (१२२६) शतकाहून अधिक काळाने, चौदाव्या शतकातल्या संग्रहात आली आहे, हे सांगून मग सांगावी.

मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांच्याविषयीचा गैरसमज उलट दिशेचा आहे. पशू माणसाच्या उपयोगासाठी आहेत असे त्यांनी स्पष्ट लिहिले. पण पशूंशी क्रूर वागणारा माणसांशीही क्रूर होतो, म्हणून नियमशास्त्राने पशूंविषयी दया शिकवली, असेही त्यांनीच लिहिले. हे कारण आज अपुरे वाटू शकते. ते त्यांनी दिलेच नाही असे मात्र म्हणता येणार नाही.

इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली ‘सायन्स’ साप्ताहिकात पर्यावरणाच्या संकटाचे खापर पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर फोडले, एवढे सर्वांना आठवते. ते स्वतः ख्रिस्ती होते आणि त्याच लेखाच्या शेवटी त्यांनी संत फ्रान्सिस यांना पर्यावरणवाद्यांचे आश्रयदाते संत मानण्याची सूचना केली होती, हे विसरले जाते. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिस यांना तसे घोषित केले. ‘ख्रिस्ती लोकांनी पशूंसाठी काहीच केले नाही’ असे कोणी म्हटले तर लंडनमध्ये १८२४ साली प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक संस्था काढणारे पाद्री आर्थर ब्रूम यांचे उदाहरण द्यावे. त्या संस्थेच्या कर्जापायी त्यांना तुरुंगातही जावे लागले.

आजची अधिकृत कॅथलिक भूमिका सांगायची असेल तर ऐकीव वाक्यांवर विसंबू नये. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथातील परिच्छेद २४१५ ते २४१८ वाचावेत. अन्न आणि वस्त्र यांसाठी पशूंचा उपयोग त्यांत मान्य आहे, विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला विसंगत ठरवले आहे, आणि माणसांच्या हलाखीवर खर्चायचा पैसा पशूंवर उधळू नये असाही इशारा आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाने पुढे जाऊन, सत्तेची ओवी म्हणजे निसर्गावर जुलूम करण्याचा परवाना हे वाचन चुकीचे असल्याचे म्हटले. प्रोटेस्टंट मंडळ्यांचे असे एक केंद्रीय मत नसते. तेव्हा ‘ख्रिस्ती धर्म म्हणतो’ असे लिहिण्यापूर्वी कोणत्या परंपरेविषयी बोलत आहोत ते नमूद करावे.

मेलेल्या कुत्र्याचा प्रश्न

पाळलेला प्राणी गेला की मूल विचारते की तो स्वर्गात गेला का. २०१४ च्या अखेरीस, पोप फ्रान्सिस यांनी एका मुलाला ‘होय’ असे सांगितल्याची बातमी जगभर फिरली. ते वाक्य त्यांचे नव्हते; पूर्वी पोप सहावे पॉल यांच्या नावावर सांगितली जाणारी गोष्ट फ्रान्सिस यांच्या एका प्रवचनाच्या वृत्तांताशी जोडली गेली होती, आणि मोठ्या वृत्तपत्रांना दुरुस्ती छापावी लागली. मराठीत ती बातमी अजूनही अधूनमधून पुढे ढकलली जाते.

आधार घ्यायचाच असेल तर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय घ्यावा, जिथे सगळी सृष्टी प्रसववेदनांनी कण्हत आहे आणि नश्वरतेच्या दास्यातून मुक्त होण्याची तिला आशा आहे. सृष्टीत पशू येतात. एखादा ठराविक कुत्रा पुन्हा भेटेल का, यावर तो अध्याय बोलत नाही. मेथडिस्ट परंपरेचे जॉन वेस्ली यांनी १७८१ साली याच ओव्यांवर प्रवचन देऊन पशूही पूर्वस्थितीला, किंबहुना तिच्याहून वरच्या स्थितीला नेले जातील अशी आशा मांडली. एवढ्याविषयी ते ठामपणे बोलतात. मात्र पशू आजच्या माणसाच्या पातळीला नेले जातील आणि देवाला ओळखू शकतील हा पुढचा भाग त्यांनी केवळ तर्क म्हणून, परवानगी मागून, प्रश्नाच्या रूपात ठेवला आहे.